वाचकांचे प्रश्न: कॅमेरा आहे हो, पण चेहरा कुठाय?

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, की दुकान, गोदाम, ऑफिस अशा ठिकाणच्या नेटवर्क कॅमेऱ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पत्रांचा ढीग पडलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये, कोणाच्या जागेत कॅमेऱ्यांची काय अवस्था आहे हे सगळ्या जगाला कशाला कळायला हवं. मी बरीच वर्षं हे कॅमेरे लावतोय, आणि खरं सांगायचं तर लावण्यापेक्षा दुसऱ्याने लावलेले निस्तरण्यातच जास्त वेळ गेलाय, तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

प्रश्न: सर, आमच्या गोदामाला पुढून साधारण २० मीटरचं तोंड आहे. एक जण ४ मेगापिक्सेलचे कॅमेरे सांगतोय, दुसरा म्हणतो ८ मेगापिक्सेल घ्या, एकाच कॅमेऱ्यात सगळं दिसेल. कोणाचं ऐकू?

दोघांचंही लगेच ऐकू नका. आधी दोघांना विचारा की तुम्ही मला काय दाखवणार आहात? "सगळं दिसेल" हे उत्तर नाही. माणूस आलाय एवढं कळायला हवं, की तो आपला रोजचा हमाल आहे हे ओळखू यायला हवं, की कधीही न बघितलेल्या माणसाचा चेहरा नंतर ओळख पटण्याइतका स्पष्ट हवा? ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांचा खर्च वेगळा आहे.

ह्याचं मोजमाप ठरलेलं आहे, ईएन ६२६७६-४ म्हणून युरोपचं स्टँडर्ड आहे, जगभरचे लोक तेच वापरतात. हिशोब असा की जिथे माणूस उभा राहणार तिथे एक मीटर रुंदीला चित्रात किती पिक्सेल पडतात ते बघायचं. कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटायला २५०. आता तुमचं २० मीटरचं तोंड घ्या. ८ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ३८४० पिक्सेल, भागिले २०, आले १९२. म्हणजे तो महागडा कॅमेरा सगळं तोंड एकटा बघत असेल तर तुमचा हमाल ओळखू येईल, चोर नाही. ४ मेगापिक्सेलवाला म्हणजे २५६० भागिले २०, आले १२८, तोही हमालापर्यंत कसाबसा पोचतो. आणि आता साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, १९२० पिक्सेल, आणि तो फक्त ३ मीटर रुंद दरवाज्यावर लावा, ६४० पिक्सेल प्रति मीटर! सगळ्यात स्वस्त कॅमेरा सगळ्यात स्पष्ट चेहरा देतोय. गंमत आहे ना, पण कोटेशन देणारा हे सांगत नाही कारण त्याच्या कागदावर मेगापिक्सेलचाच कॉलम असतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की आत येणाऱ्या प्रत्येकाला जिथून जावंच लागतं ती अरुंद जागा शोधा, दरवाजा, जिना, काउंटर, तिथे चेहऱ्याचा कॅमेरा, आणि मोकळ्या जागेवर नुसता "काय चाललंय" बघणारा एखादा रुंद कॅमेरा. तो चेहऱ्याचा कॅमेरा उंच लावू देऊ नका. वायरिंगवाल्याला वरती छताला लावणं सोपं जातं, आणि मालकाला वाटतं उंच आहे म्हणजे कोणी हात लावणार नाही. पण ५ मीटर उंचीवरून ५ मीटर लांबच्या माणसाकडे बघितलं तर कॅमेरा जवळजवळ ३४ अंश खाली बघतो, त्यात टोपी घातलेला माणूस म्हणजे नुसती टोपी. अडीच-पावणेतीन मीटरवर लावला तर तोच कोन १०-१३ अंशांवर येतो आणि चेहरा समोरून मिळतो. हात पोचतो म्हणून भीती वाटत असेल तर आयके१० वाला घ्या, ती मजबुतीची खूण आहे, २० जूलचा दणका सहन करतो.

आणि रात्र. ८ मेगापिक्सेल आणि २ मेगापिक्सेल दोन्ही जर एकाच साइजच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, बसवले असतील, स्वस्त मालात बऱ्याचदा तसंच असतं, तर ८ वाल्याच्या प्रत्येक पिक्सेलला जागा चौथा हिस्साच मिळते, म्हणजे उजेडही चौथा हिस्सा. मग कॅमेरा काय करतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. चालता माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, शटर १/२५ सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि चेहऱ्याच्या जागी धूर दिसतो. रात्रीचं चित्र छान उजळ रंगीत दिसतंय म्हणून भुलू नका, त्या चित्रात कोणाला तरी भराभर चालायला लावा आणि मग रेकॉर्डिंग थांबवून चेहरा बघा. जास्त मेगापिक्सेल घ्यायचेच असतील तर सेन्सर मोठा मागा, १/१.८ इंची वगैरे, कोटेशनवर लिहून.

प्रश्न: दादा, आमच्याकडे १६ आयपी कॅमेरे आहेत. दिवसभर सगळे चालतात. संध्याकाळी अंधार पडला की १३ ते १६ नंबरचे बंद पडतात, सकाळी आपोआप चालू. इन्स्टॉलर म्हणतो कॅमेऱ्यांचा लॉट खराब आहे, चारही बदलू. त्याने दोन बदलूनही झाले, तेच होतंय.

बदलू नका अजून. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "अंधार पडला की" आणि "१३ ते १६".

हे कॅमेरे नेटवर्कच्या वायरीतूनच करंट घेतात, पीओई म्हणतात त्याला. अंधार पडला की कॅमेऱ्यातले आयआर दिवे, म्हणजे रात्री बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे, लागतात आणि वीज जास्त लागायला लागते. समजा दिवसा एक कॅमेरा ५ वॅट खातो, १६ चे झाले ८०. रात्री तोच ९ खातो, झाले १४४. आता स्विच, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या नेटवर्क वायरी ज्यात येतात तो डबा, उलटा करून मागचं स्टिकर वाचा, पोर्ट १६ असतील पण सगळे मिळून पीओईचं बजेट किती लिहिलंय? १२० असेल तर कोडं सुटलं. बजेट संपलं की स्विच काही पोर्टांचा पुरवठा तोडतो, आणि बऱ्याच स्विचमध्ये कोणी सेटिंग बदललेलं नसेल तर शेवटच्या नंबरांवर आधी कुऱ्हाड पडते. स्विच विकताना "१६ पोर्ट पीओई" एवढंच मोठ्या अक्षरात लिहितात. २००३ च्या जुन्या ८०२.३ एएफ स्टँडर्डप्रमाणे एका पोर्टला १५.४ वॅट धरले तर १६ पोर्टांना जवळजवळ २४६ वॅट लागतील, तेवढे देणारा स्विच जड असतो आणि महाग असतो, म्हणून कोटेशनमध्ये येत नाही. खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी पहिल्या चार कॅमेऱ्यांच्या वायरी काढून ठेवा, १३ ते १६ चालू राहिले तर कॅमेरे निर्दोष आहेत. इन्स्टॉलरला बोलावूनच करा हे, त्याच्या डोळ्यादेखत.

बजेट भरपूर निघालं तर मात्र वायर बघा. नेटवर्क केबलचं सालपट काढून आतल्या तारेला ब्लेडने खरवडा. आतपर्यंत तांबडी असेल तर तांबं, चंदेरी निघाली तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. डेटा त्यातून जातो, जवळच्या अंतरावर कोणाला काही कळतही नाही, पण तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो, लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत जाईतो व्होल्टेज पडतं आणि आयआर लागले की कॅमेरा बसतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बसतो. भिंतीत, छतात एकदा गेलेली वायर बदलणं म्हणजे काय ते ज्याने बदललीय त्यालाच माहीत, म्हणून नवीन काम करणाऱ्या सगळ्यांना सांगतो, कॅमेऱ्यात कंजुषी केली तरी चालेल, वायरीत नको. आणि १०० मीटरच्या पुढे तांब्याची वायर ओढूच नका, स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत पॅचकॉर्ड धरून १००. पुढे फायबर. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तर अंतर कमी असलं तरी फायबरच, दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि वीज कडाडली की ती वायर विजेला रस्ता दाखवते.

प्रश्न: खोक्यावर ऑनव्हिफ लिहिलंय म्हणजे कुठल्याही एनव्हीआरला (रेकॉर्डरला) चालेल ना?

चित्र येईल बहुतेक. बाकीचं नाही सांगता येत.

ऑनव्हिफ ही २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी ह्यांनी मिळून सुरू केलेली संस्था, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलावेत म्हणून. पण नुसतं ऑनव्हिफ असं काही नसतं, त्यात प्रोफाइल असतात. एस म्हणजे साधं चित्र पाठवणं, टी मध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) आणि मोशनचे अलर्ट वगैरे येतं, जी म्हणजे रेकॉर्डिंग, एम म्हणजे ॲनालिटिक्सची माहिती. तुमच्या कॅमेऱ्यात माणूस-गाडी ओळखण्याची सोय आहे आणि एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा आहे, तर चित्र येतं पण ती ओळख एनव्हीआरपर्यंत पोचतच नाही, आणि मग कुत्रं हललं तरी अलर्ट. दोन्हीकडे कुठले प्रोफाइल आहेत ते जुळवून बघायचं. खोक्यावर तर कोणीही काहीही छापतं हो! ऑनव्हिफच्या वेबसाइटवर मान्यता मिळालेल्या मॉडेल्सची यादी असते, मॉडेलचा पूर्ण नंबर घालून शोधा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ते वेगळं मॉडेल असतं.

प्रश्न: ३० दिवसांचं रेकॉर्डिंग सांगून हार्डडिस्क बसवली, आता बघतोय तर १२ दिवसांच्या मागचं काहीच नाही. फसवलं का?

फसवलं असेल किंवा गणित आलं नसेल, परिणाम तोच. गणित मात्र पाचवीतल्या पोराला जमेल असं आहे. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते, ४ एमबीपीएस (मेगाबिट) असेल तर, ८ बिटचा एक बाइट, सेकंदाला अर्धा एमबी, दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला ४३.२ जीबी. १६ कॅमेरे धरा, ६९१ जीबी. ३० दिवस, २०.७ टीबी. आता तुमच्याकडे ८ टीबीची एकच डिस्क असेल तर १२ दिवसांच्या आतच ती भरते आणि जुनं पुसायला लागते. बरोब्बर तुमचा आकडा आला बघा.

उपाय म्हणाल तर डिस्क वाढवा, किंवा बिटरेट खाली आणा. एच.२६४ वर असाल तर एच.२६५ करा, चांगल्या उजेडात जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो, पण रात्री चित्रात मुंग्या आल्या की त्या मुंग्यांनाच कॅमेरा हालचाल समजतो आणि बिटरेट पुन्हा चढतो, म्हणून हिशोब रात्रीच्या आकड्यावर करायचा. फ्रेम सेकंदाला २५ च्या १२-१५ केल्या तरी बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही, कॅश काउंटर सोडून, तिथे हाताची हालचाल असते.

डिस्क कॉम्प्युटरची साधी घालू देऊ नका. रात्रंदिवस लिहिण्यासाठीच्या वेगळ्या सर्व्हेलन्स डिस्क येतात, त्यातल्या बऱ्याच वर्षाला १८० टीबी लिहायला-वाचायला बनवलेल्या असतात, साध्या डिस्कला तोच आकडा ५५ च्या आसपास असतो. वरचं उदाहरण म्हणजे वर्षाला अडीचशे टीबी लिहिणं आलं, तीन डिस्कमध्ये वाटलं तरी एकेकीला ८४. साधी डिस्क मरते ती नेमकी तुम्हाला गरज असेल त्याच आठवड्यात मरते, हे शास्त्र नाही, माझं नशीब आहे.

प्रश्न: आमच्या लॅबमध्ये कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून माणसाने राउटरमध्ये "पोर्ट ओपन" करून दिलंय. पासवर्ड विचारला तर म्हणाला सगळीकडे आमचा एकच असतो, लक्षात राहतो. माझा भाचा म्हणतो हे धोक्याचं आहे. खरंच का एवढं?

ताई, भाच्याला शाबासकी द्या आणि हे वाचून होईपर्यंत त्यालाच ते पोर्ट बंद करायला सांगा.

तुमच्या लॅबमधलं कोणी काय बघणार असं वाटतं आपल्याला. पण शोधणारा माणूस नसतोच, प्रोग्राम असतो, तो इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत फिरतो. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस आला होता, त्याच्याकडे युक्ती एकच, कंपनीने दिलेले आणि कोणी न बदललेले साठेक यूजरनेम-पासवर्ड घेऊन फिरायचं आणि जिथे लागेल तिथे घुसायचं. असे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर त्याने ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकरवी डाइन (Dyn) नावाच्या, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर एवढा मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता, त्यांचं चित्र व्यवस्थित चालू होतं!

पासवर्ड अवघड ठेवला म्हणजे झालं असंही नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये अशी फट सापडली की पासवर्ड न टाकताच बाहेरून आत हुकूम चालवता येत होते. कंपनीने दुरुस्तीचं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं, पण ते टाकायचं कोणी? इन्स्टॉलर पैसे घेऊन गेला, मालकाला फर्मवेअर म्हणजे काय माहीत नाही. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्काडा ह्या क्लाउड कॅमेऱ्यांच्या कंपनीचा सगळ्यात वरचा ॲडमिन लॉगिन बाहेरच्यांच्या हाती लागला, आणि त्यांनी सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोचल्याचं सांगितलं, त्यात हॉस्पिटलं होती, तुरुंग होते. म्हणजे स्वस्तातलं घेतलं म्हणून झालं असंही म्हणायची सोय नाही.

तर करायचं काय. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायचं ते उघडं दार, बंद, राउटरमधलं यूपीएनपी पण बंद, कारण ते चालू असेल तर कॅमेरा स्वतःच दार उघडून घेतो. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन, म्हणजे आत यायचा कुलूपबंद खाजगी रस्ता. कॅमेऱ्यांचं नेटवर्क आणि रिपोर्ट बनवणाऱ्या कॉम्प्युटरांचं नेटवर्क वेगळं करून घ्या, व्हीलॅन म्हणतात, नीट स्विच असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, आणि तो तुमच्याकडे लिहिलेला हवा, त्याच्याकडे नाही. त्या माणसाचा एकच पासवर्ड सगळीकडे आहे ना, म्हणजे त्याचा काम सोडून गेलेला पोरगासुद्धा आज तुमची लॅब बघू शकतो. ह्याचं मला त्या व्हायरसपेक्षा जास्त वाटतं.

प्रश्न: वायफाय कॅमेरे चालतील का? वायरिंगचा खर्च वाचतो.

घरात मांजर बघायला चालतील. धंद्याच्या जागी नाही. करंटची वायर तर ओढावीच लागते, मग नेटवर्कची का नको? शिवाय वायफाय बाहेर बसून पाडता येतं.

प्रश्न: गेटवर चांगला ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, दिवसा नंबरप्लेट दिसते, रात्री नुसता पांढरा चौकोन. सेटिंगने सुधारेल?

थोडं सुधारेल, पण मग तो कॅमेरा दुसरं काही दाखवणार नाही, हे आधी पटवून घ्या.

गाडी ताशी ३० किलोमीटरने आली तर सेकंदाला ८.३ मीटर जाते. शटर १/२५ असेल तर तेवढ्यात गाडी ३३ सेंटिमीटर पुढे, अक्षरं कशी वाचणार. १/५०० केलं तर पावणेदोन सेंटिमीटर, १/१००० ला एकही नाही. पण शटर एवढं कमी उघडलं की रात्री सगळं काळं, दिसते फक्त प्लेट, कारण ती आयआरचा उजेड सरळ परत फेकते. तेच तर हवं असतं. म्हणून प्लेटला वेगळा कॅमेरा, एका लेनला एक, झूम करून फक्त तेवढीच चौकट, आणि गाडीच्या रेषेपासून ३० अंशांच्या आत कोन. गाडीचा रंग, ड्रायव्हर, मागे कोण बसलंय हे सगळं शेजारच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर सोडायचं. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही मागणारे मालक मला दर महिन्याला भेटतात आणि दोन्ही मिळेल म्हणणारे इन्स्टॉलरही. स्पीडब्रेकर टाका, तो कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे आणि गाडी १० वर आली की अर्धं काम तसंच झालं.

प्रश्न: नवा कोरा डोम कॅमेरा, रात्री धुक्यासारखं दिसतं. पावसाळा नाही, धुकं नाही.

डोमच्या काचेवर बोटाचे ठसे असतील, किंवा आतली फोमची रिंग काचेला नीट टेकलेली नसेल. आयआरचा उजेड आतल्या आत फिरून लेन्समध्ये शिरतो. मऊ कोरड्या कपड्याने पुसा, रिंग बसवा. जमलंच नाही तर टरेट प्रकार घ्या, त्यात लेन्स आणि आयआर एका काचेमागे नसतात. आणि धुक्यात मधूनमधून पांढऱ्या दोऱ्या हलताना दिसत असतील तर तो कोळी आहे! आयआरला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, जाळं लेन्ससमोर डुलतं आणि रात्रभर मोशनचे अलर्ट. ह्यावर लोकांनी काय काय फवारून बघितलंय, मला टिकलेला उपाय एकच माहितेय, कॅमेऱ्यातले आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा दोन-तीन मीटर लांब लावायचा, आणि झाडूवाल्याला लांब दांडीचा झाडू द्यायचा.

प्रश्न: सर, तुम्ही ब्रँडचं नाव कधीच सांगत नाही. निदान कंपनी विश्वासू आहे की नाही हे विकत घ्यायच्या आधी ओळखायचं कसं ते तरी सांगा. आम्हाला तीन शाखांमध्ये मिळून साठेक कॅमेरे लावायचेत.

नाव सांगत नाही कारण एकाच कंपनीचा एक माल दहा वर्षं चालतो आणि दुसरा दोन वर्षांत रडतो. मी स्वतः काय करतो ते सांगतो.

पहिलं, कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तिचं पाच-सहा वर्षांपूर्वीचं एखादं मॉडेल काढतो, आत्ताचं नाही, जुनं. त्याला शेवटचं फर्मवेअर कधी आलंय? वर्षभरात आलं असेल तर ही मंडळी विकल्यावर फोन उचलतात. माल बाजारात आला त्याच वर्षी एकदा आलं आणि नंतर गप्प, तर तुमच्याही कॅमेऱ्यांचं तेच होणार. फर्मवेअर डाउनलोडलाच मिळत नाही, "डीलरला विचारा" लिहिलंय, तर मी तिथूनच उठतो. मग बघतो की सुरक्षेच्या फटी सापडल्या तेव्हा कंपनीने स्वतः जाहीर केल्या का, कुठले मॉडेल, कुठलं व्हर्जन. काही जण म्हणतात ज्या कंपनीच्या फटी जास्त जाहीर होतात ती वाईट. मला उलटं वाटतं, एकही फट कधी जाहीर न करणाऱ्या कंपनीकडे फटी नसतात असं नाही, शोधणारं कोणी नसतं.

दुसरं, नाव कोणाचं आणि माल कोणाचा. बाजारातली कितीतरी नावं म्हणजे नुसती स्टिकरं, आत दुसऱ्याच कारखान्याचा कॅमेरा. एक कॅमेरा नेटवर्कला लावा आणि त्याच्या मॅक ॲड्रेसच्या (कारखान्यातच मिळणारा नेटवर्कचा नंबर) पहिल्या सहा अक्षरांवरून शोधा, तो पत्ता कोणाच्या नावावर नोंदलाय ते कळतं, बऱ्याचदा तिथेच बिंग फुटतं. स्टिकर लावणं पाप नाही, पण मग फर्मवेअर कोण देणार हे आधी कळायला हवं, आणि काही देशांत ठरावीक कंपन्यांचा माल सरकारी कामाला चालत नाही, तुमची गिऱ्हाइकं तशी असतील तर ते आधीच तपासा.

तिसरं, साठ एकदम घेऊ नका. तीन-चार घ्या, सगळ्यात वाईट जागी लावा, जिथे समोर ऊन येतं, जिथे रात्री काळोख असतो, आणि महिनाभर राहू द्या. उन्हाच्या दारासाठी डब्ल्यूडीआर (झगझगीत ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात दाखवायची सोय) १२० डीबी लिहिलेलं सगळेच विकतात, दुपारी दार उघडं ठेवून आत येणाऱ्याचा चेहरा बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. वीज घालवून परत आणा दहा वेळा, सगळे आपले आपण उठतात का, रेकॉर्डिंग सुरू होतं का. नेटवर्कची वायर काढा, आत मेमरी कार्ड घातलं असेल तर मधलं रेकॉर्डिंग नंतर एनव्हीआर ओढून घेतो का ते बघा, माहितीपत्रकात सगळे घेतात. यूपीएसवर फक्त एनव्हीआर ठेवतात आणि पीओई स्विच विसरतात, हेही त्याच दिवशी उघडं पडतं.

आणि बाहेरचे कॅमेरे मरतात ते कॅमेऱ्यामुळे कमी, मागच्या शेपटीमुळे जास्त. कॅमेरा आयपी६७ म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा असतो, पण त्याच्या मागे लोंबणारा आरजे-४५ चा, म्हणजे नेटवर्क वायरीच्या पिनचा, जोड उघडाच. सोबत वॉटरप्रूफ टोपण आलेलं असतं, ते क्रिम्पिंगच्या, म्हणजे वायरीला पिन दाबून बसवायच्या, आधी वायरीत ओवावं लागतं म्हणून इन्स्टॉलर फेकून देतो, आणि मग टेप गुंडाळतो. पहिल्या पावसात जोड हिरवा पडतो. जंक्शन बॉक्स मागा, वायर बॉक्समध्ये शिरायच्या आधी खाली झोल दिलेला हवा म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं, आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी कुठलेही दोन बॉक्स उघडून दाखवायला सांगा. कुठले ते तुम्ही ठरवा, तो नाही.

प्रश्न: चोरी झाली, फुटेज मिळालं, चेहरा पण दिसतोय. पण रेकॉर्डिंगवर ३:१० वेळ आहे आणि त्या वेळी तर वॉचमन आणि मी दोघं तिथेच होतो. आता समोरचा म्हणतो फुटेजच खोटं आहे.

हे माझ्या बाबतीत झालंय. मी लावलेल्या एका जागी घड्याळ ४० मिनिटं पुढे गेलं होतं, वर्षभर कोणाचं लक्ष नाही, माझंही नाही, आणि नेमकं त्या ४० मिनिटांवरून लोकांमध्ये वाद लागला. तेव्हापासून काम संपवताना मी आधी एनटीपी बघतो, म्हणजे कॅमेरे आणि एनव्हीआर सगळे एकाच ठिकाणाहून वेळ घेतात ना, टाइमझोन बरोबर आहे ना.

तुम्ही आता घाईघाईने घड्याळ दुरुस्त करू नका, हात लावू नका त्याला. एनव्हीआरच्या स्क्रीनवर वेळ दिसते तिथे शेजारी मोबाइल धरा, मोबाइलवर सेकंदासकट वेळ उघडा, आणि दोन्ही एका फोटोत येतील असा फोटो तिसऱ्या माणसाच्या फोनने काढा, शक्यतो तपास करणाऱ्यांच्या समोर. फरक किती आहे ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मग फुटेज एक्सपोर्ट करून घ्या, कंपनीच्या मूळ फॉरमॅटमध्ये, स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून नाही, आणि ते घेतलं की त्या तारखेचं रेकॉर्डिंग लॉक करा नाहीतर जुनं म्हणून आपोआप पुसलं जाईल. एवढं सगळं हातात आल्यावरच घड्याळ नीट करा.